कशाला हो म्हणाले

४ सप्टेंबर, सोमवार

मी ‘हो’ म्हणाले. कशाला म्हणाले, ते मला माहीत नाही!

घरी येऊन तास झाला तरी हात गार आहेत. घडलं तसं आत्ताच लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मीच त्याला सोयीचं वळण देईन.

दुपारी लिफ्टवाले आले होते. नाव इथेही लिहायचं नाही – क्लायंटचं नाव खोलीबाहेर न्यायचं नाही हा आमच्या समुपदेशन केंद्राचा नियम, आणि अठरा वर्षं पाळून तो आता हाडात मुरलाय. पन्नाशीचे गृहस्थ, पंजे फावड्याएवढे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मार्चमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत जोडीदार शाफ्टमध्ये पडला. शाफ्ट म्हणजे ज्या उभ्या पोकळीतून लिफ्ट वरखाली होते ती. जोडीदार वाचला, पण यांचे हात तेव्हापासून थरथरतात. रजेवर आहेत. घरी कुणाला सांगितलेलं नाही की माझ्याकडे येतात. बायकोला वाटतं, पाठीच्या शेकाला जातात.

बोलता बोलता आवाज गेला. त्यांचा नाही – माझ्या कानातला! पोहताना कानात पाणी गेल्यावर होतं तसं. मिशी हलत होती, ओठ हलत होते, आणि माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. छातीत धडधड, तळव्यांना घाम. माझा चेहरा मात्र एकटाच नोकरी करत होता. मान योग्य तेवढी कललेली, डोळ्यांत योग्य तेवढी माया. मग मला माझाच आवाज ऐकू आला – ‘हो’. त्याच्या आधीचं-नंतरचं काही नाही, तेवढाच एक शब्द.

ते माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, “मग ठरलं. तुम्हीच असं म्हणताय, तर आता मागे हटायचं नाही.” आणि उठले. वेळ संपायच्या आधीच! दारात थांबून मान लववली आणि गेले.

“जरा पुन्हा सांगता का, काय म्हणालात?” – एवढं एक वाक्य. शिकायला येणाऱ्या पोरींना मी हे वाक्य घोकून घ्यायला लावते. माझ्या तोंडून निघालं नाही. कारण मग त्यांना कळलं असतं, की मी तिथे नव्हते.

५ सप्टेंबर, मंगळवार

एवढं काय! विचारलं असेल, पुढच्या वेळी जरा उशिरा आलो तर चालेल का. किंवा लेकीकडे जाऊन येऊ का. माणसं कशालाही ‘ठरलं’ म्हणतात.

उशिरा येण्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का, बाई?

७ सप्टेंबर, गुरुवार

आज बैठक. दर गुरुवारी सगळ्यांनी थोरल्यांच्या खोलीत बसायचं आणि प्रत्येकाने आपण कुठे अडकलो ते सांगायचं. थोरल्या म्हणजे केंद्राच्या प्रमुख. त्यांचा दंडकच आहे – ‘माझं सगळं छान चाललंय’ असं जो म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

बुटक्याने (हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव, आम्ही ठेवलेलं नाही) एक लग्न मोडायला निघालेलं जोडपं सांगितलं. सगळे हसले. माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि गेल्या वर्षीची एक जुनी केस नव्यासारखी सांगितली. सुरेख सांगितली! मध्ये थांबले, खिडकीकडे पाहिलं, ‘मला तिथे स्वतःचाच राग आला’ वगैरे म्हणाले. थोरल्या चष्म्यावरून बघत होत्या.

बैठक संपल्यावर म्हणाल्या, “बरी आहेस ना?”

“एकदम!”

“मग कप विसळ.”

सगळ्यांना गंमत वाटली. मी मोरीत कप विसळताना नळ मोठा सोडला, श्वासाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

सांगायला हवं होतं, कळतं मला. पण मी सांगणार आणि मग काय? आवाज जाण्याची ही पहिली वेळ नाही. मे महिन्यात पलीकडच्या खोलीतली ताई नोकरी सोडून गेली, तिचे अर्धे लोक माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून हे तीन-चारदा झालंय. दर वेळी अर्धं मिनिट, एक मिनिट. दर वेळी निभावलं. आता सांगितलं तर म्हणतील, हिचंच डोकं ठिकाणावर नाही आणि ही लोकांची डोकी बघते! एकदा खोली काढून घेतली की परत कोण देतं? मला दुसरं काही येत नाही. भाकरी थापल्यासारखं मी हे एकच काम करत आलेय.

८ सप्टेंबर, शुक्रवार

नियम मोडला. केंद्रातून क्लायंटला फोन फक्त फोनवालीने करायचा, टेबलावरून, सगळ्यांसमोर. मी बाथरूममध्ये जाऊन माझ्या फोनवरून लिफ्टवाल्यांना लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. दुपारी पुन्हा. बाहेर.

ते उन्हाळ्यापासून तीनच गोष्टी घोळवत होते. कामावर परत जावं का. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद कराव्या का. तिसरी लिहायची नाही, असं ठरवून बसले होते – लिहिते. मार्चमध्ये एकदा म्हणाले होते, “ताई, असं भीत भीत जगण्यापेक्षा सुटलेलं बरं.” नंतर पुन्हा स्वतःहून कधी बोलले नाहीत. मी दर वेळी विचारायचे, ते दर वेळी म्हणायचे, आता तसं नाही वाटत.

तिन्हींपैकी कशाला मी मान डोलावली?

बँकेत गेले तर लिफ्टमध्ये पाऊल टाकवेना. आत भिंतीवर छोटं कार्ड लावलेलं असतं – शेवटची दुरुस्ती कधी, कुणी केली. दारातूनच वाकून सही वाचत बसले. पहारेकरी म्हणाला, “बाई, चढायचंय की शिकायचंय?” जिन्याने गेले. चोराच्या मनात चांदणं.

११ सप्टेंबर, सोमवार

दार वाजलं की मी खुर्चीचा हात धरते. आज शाळेतली ती मुलगी आली, गणितात नापास झाल्यापासून स्वतःचे केस उपटते ती. तिला म्हणाले, “तुझी मैत्रीण नापास झाली असती तर तिला काय म्हणाली असतीस?” ती म्हणाली, “म्हणाले असते, जाऊ दे गं, परत बसू आपण.” मी म्हणाले, “मग तेच स्वतःला म्हण बघू.” म्हणाली बिचारी. रडली, हसली, गेली.

घरी येऊन बाथरूमच्या आरशात पाहिलं. काय म्हणाले मी स्वतःला? लिहूनच ठेवते. गाढवे. ढोंगी. माणूस मारशील एखादा. एवढं ऐकायचंच काम दिलंय तुला देवाने, तेही होत नाही!

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. म्हण कुणी केली असेल ती बाई नक्की माझ्याच धंद्यातली.

१३ सप्टेंबर, बुधवार

हल्ली केंद्रातून आले की मागच्या खोलीत बसते. नवऱ्याची कामाची खोली. तो दातांच्या कवळ्या बनवतो. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले – सगळे आ करून बसलेत आणि एकही बोलत नाही! घरातली सगळ्यात शांत जागा.

तो घासत होता काहीतरी. मान वर न करता म्हणाला, “परवा बाथरूममध्ये कुणाला शिव्या देत होतीस?”

“कुणाला नाही.”

“गाढवे म्हणालीस. मला तर नाही ना म्हणत?”

हसायला आलं आणि त्याच हसण्यातून रडूच फुटलं. त्याने हात पुसले, मशीन बंद केलं. काय झालं ते सांगता येत नाही, त्यालाही ठाऊक आहे की मी कामाचं काही सांगत नाही. एवढंच म्हणाले, की भीती वाटते. कामाची. खोलीची. दार वाजण्याची.

“मग कुणाला तरी दाखव.”

“मी? लोक मला दाखवायला येतात!”

“दातांचा डॉक्टर स्वतःची दाढ स्वतः उपटतो का? तोही दुसऱ्यापुढे आ करतोच की.”

“दाढ दुखली म्हणून त्याचा दवाखाना कुणी बंद करत नाही.”

त्याने पाण्याचा तांब्या माझ्याजवळ आणून ठेवला आणि पुन्हा घासायला लागला. मला बरं वाटलं, आणि तेवढीच भीतीही वाटली, कारण आता आणखी एका माणसाला कळलंय.

१६ सप्टेंबर, शनिवार

गेले! आणि जाऊन काय दिवे लावले ते लिहिते.

आमच्या गावात जायची सोय नाही, इथे सगळे समुपदेशक एकमेकांना ओळखतात. बसने दोन तास लांबच्या शहरात एक बाई शोधल्या. फोनवर सांगितलं, मी वाचनालयात काम करते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, ते हेच.

दुसरा मजला. जिना. बाई साठीच्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. “या, बसा,” म्हणाल्या आणि दार लावायला वळल्या. मी बसले. त्या वळून आल्या आणि जरा थांबल्या. मग समोरच्या खुर्चीत बसल्या, तिच्यावरचा रुमालांचा डबा बाजूला ठेवून. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. समोर भिंतीवर घड्याळ मला छान दिसत होतं, दारही दिसत होतं, हाताशी टिपणाची वही.

मी त्यांच्या खुर्चीत बसले होते! समोर घड्याळ, मागे खिडकी – जिथे आपण बसतो तिथे, क्लायंट बसतो तिथे नव्हे. पाय आपोआप तिकडे गेले. आणि लक्षात आल्यावरही उठले नाही. उठले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं ना! एवढी हुशार मी.

मग पाऊण तास मी वाचनालयाच्या गोष्टी सांगितल्या. पुस्तकं चुकीच्या फळीत लागतात, त्याची भीती वाटते म्हणाले. त्या काय विचारणार ते आधीच कळत होतं. आता गप्प बसतील – बसल्या. आता ‘शरीरात कुठे जाणवतं’ विचारतील – विचारलं. झोपेबद्दल विचारलं तेव्हा ‘बरी लागते’ म्हणाले, कारण ‘लागत नाही’ म्हटलं की पुढचे प्रश्न कुठे जातात ते मला पाठ आहे. मध्ये त्या खोकल्या, तर मी म्हणाले, “दमलेल्या दिसता, आज सकाळपासून बसलाय का?” त्या म्हणाल्या, “माझी काळजी घ्यायला तुम्ही इतक्या लांबून आलात?”

शेवटी घड्याळाकडे पाहून मीच म्हणाले, “आज इथेच थांबूया का?”

त्यांना हसू आलं. आवरलं त्यांनी. “थांबूया. पुढच्या शनिवारी आलात तर या खुर्चीत बसून बघाल? ही जरा बसकी आहे, पण सवय होते.”

बसमध्ये डोकं खिडकीला टेकून शरमेने मेले. पुन्हा जाणार नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

आज त्यांची वेळ होती, एक सोमवार सोडून येतात ते. दोनपासून दाराकडे कान. तीन वाजले. सव्वातीन. आले नाहीत.

फोनवालीने विचारलं, “लिफ्टवाल्यांचा काही निरोप?” मी म्हणाले, “नाही.” ती म्हणाली, “कधी चुकवत नाहीत ते.”

कधी चुकवत नाहीत ते!

१९ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं.

सकाळी थोरल्या कुलूप काढत होत्या तिथेच, दारात, पिशवी खांद्यावर असतानाच. एका दमात सगळं. आवाज गेला, हो म्हणाले, ठरलं म्हणाले, आले नाहीत, फोन लागत नाही. मार्चमधलं वाक्यही सांगितलं.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. “पंधरा दिवस? पंधरा दिवस तू हे घेऊन फिरतेयस?” मग फोनवालीला म्हणाल्या, अडीअडचणीसाठी दिलेला नंबर काढ. तो त्यांच्या मेहुण्याचा. थोरल्यांनी स्वतः लावला. मी समोर उभी.

थोरल्या म्हणत होत्या, “हो… ओळखीच्या… असं का… कधीपासून?” फोन ठेवला.

“जिवंत आहेत. धडधाकट आहेत.”

मी खाली बसले. जमिनीवरच.

“कामावर रुजू झालेत. पाच तारखेच्या मंगळवारीच. दिवसभर आत असतात, म्हणून फोन लागत नाही.”

आत. म्हणजे तेच विचारलं त्यांनी! कामावर परत जाऊ का. आणि मी म्हणाले हो. थरथरणारे हात घेऊन तो माणूस त्या काळ्या पोकळीत उतरतोय आणि उतरवलं मी. आता रोज सकाळी ते उतरणार आणि रोज संध्याकाळपर्यंत मी–

२१ सप्टेंबर, गुरुवार

थोरल्यांनी खोलीची किल्ली मागून घेतली. मेहुण्याकडे निरोप ठेवलाय, त्यांना केंद्रात फोन करायला सांगा म्हणून. माझे लोक बुटका आणि थोरल्या आपसात वाटून घेतील.

“ही शिक्षा नाही,” म्हणाल्या. “पण मी गोडही बोलणार नाही. आवाज गेला यात तुझा गुन्हा काही नाही. तू लपवलंस, ते मला लागलंय. आणि ते का लपवलंस, त्याला मीही कारण असणार. कप विसळ म्हणाले तुला!”

“परत कधी घ्याल?”

“तू कुणाकडे तरी जायला लागलीस की बोलू.”

“आणि नाही गेले तर?”

“तर मी तुझ्या घरी येऊन बसेन. तुझ्या नवऱ्याच्या त्या दातांमध्ये.”

बुटका जिन्यापर्यंत आला. म्हणाला, “तुझ्या खोलीतल्या झाडाला पाणी घालेन.” मी घरी येईपर्यंत नीट आले आणि चपला काढता काढता भडभडून रडले. गेली खोली. जिची भीती वाटत होती तीच गेली, तर सुटल्यासारखं वाटावं ना? नाही वाटलं. भीती तेवढी बरोबर घरी आली.

२३ सप्टेंबर, शनिवार

बसक्या खुर्चीत बसले.

आधी म्हणाले, मी वाचनालयात नाही. त्या म्हणाल्या, “अंदाज होता.” मग बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. रुमालांचा डबा माझ्या बाजूला होता आणि घड्याळ माझ्या पाठीमागे, त्यामुळे किती वेळ गेला ते कळत नव्हतं. हे किती भीतीदायक असतं! लोक इतकी वर्षं माझ्यासमोर असे बसत होते, वेळेला पाठ करून.

त्यांनी विचारलं, “ते लिफ्टवाले पहिल्यांदा आले, हात थरथरत होते, तेव्हा काय म्हणाला होतात त्यांना?”

“म्हणाले होते, तुम्ही घाबरलात यात लाजण्यासारखं काही नाही. जे पाहिलंत ते पाहून कुणीही घाबरलं असतं.”

“तेच स्वतःला म्हणा.”

मी शाळेतल्या त्या मुलीला नेमकं हेच करायला लावलं होतं. सोपं असेल असं वाटलं होतं मला. तोंड उघडलं आणि आलं काय – ‘घाबरलीस, त्यात काय मोठं, तुला पगार कशाचा मिळतो!’ पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, आणखी जहरी.

त्या म्हणाल्या, “स्वतःशी तुमचा जिव्हाळा फार आहे हो. फटकारायचाच जिव्हाळा. जरा परक्यासारखं बोलून बघा. अहो-जाहो करा.”

काय वेडेपणा! पण म्हटलं. मान खाली घालून, परक्या बाईला म्हणावं तसं. “अहो बाई, तुम्ही घाबरल्या आहात. फार दमल्या आहात तुम्ही. एकट्यानेच चालवलंत सगळं.” आणि त्या परक्या बाईची मला इतकी दया आली, की पुढचं बोलताच येईना.

येताना बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “पुढे सरका.” मला ऐकू आलं. हल्ली ऐकू आलं की मनात नोंद होते.

२५ सप्टेंबर, सोमवार

नवरा चहा पिता पिता पेपर वाचत होता. बेसावधपणे मोठ्याने वाचलं – “लिफ्ट दुरुस्त करताना कामगाराचा–” आणि माझ्याकडे बघून थांबला. मी पेपर हिसकावला. अक्षरं स्थिर राहीनात. शहर दुसरंच. वय सव्वीस.

सव्वीस! मी मोठ्याने म्हणाले, “नाही, ते नाहीत! नाहीत ते!” आणि हसले. हसले मी! एक सव्वीस वर्षांचा मुलगा गेला होता आणि त्याच्या बातमीवर हात ठेवून मी हसत होते.

त्यानंतर दिवसभर मागच्या खोलीत. ‘राक्षसीण’ म्हणून झालं, ‘कसाबीण’ म्हणून झालं. दुपारी थकून शेवटी पुटपुटले, “अहो बाई, तुम्हाला एकाच माणसाची काळजी करायची ताकद उरली होती.” पटलं नाही. पण शिव्या तेवढ्या थांबल्या.

२८ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवार. बैठक चालू असेल. आज कप कुणी विसळले असतील?

भीती तशीच. सकाळी नऊला, ते कामाला लागत असतील तेव्हा, छातीत धस्स. संध्याकाळी सहाला जरा सैल.

३० सप्टेंबर, शनिवार

बाईंना म्हणाले, त्यांचं काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

त्यांनी “असं काही होणार नाही” म्हटलं नाही. मी असते तर मीही म्हटलं नसतं, तरी वाट बघत होते. म्हणाल्या, “झालं तरी तुम्हाला इथे यावं लागेल. नाही झालं तरी यावं लागेल. पुढचा शनिवार लिहून ठेवू?”

लिहा म्हणाले.

३ ऑक्टोबर, मंगळवार

लिफ्टवाल्यांचा केंद्रात फोन आला! निरोप त्यांना परवाच मिळाला. गुरुवारी भेटायचंय, म्हणाले. ‘त्याच ताईंना.’

थोरल्यांनी मला घरी फोन केला. “त्यांना खरं सांगावं लागेल. तू ऐकलं नव्हतंस, हे. मी बाजूला बसेन. तू नाही म्हणालीस तरी चालेल, मी एकटी सांगेन.”

नाही म्हणायचं होतं. घशापर्यंत आलं होतं. ते म्हणतील, मी तुमच्या भरवशावर खाली उतरत होतो आणि तुम्ही ऐकतसुद्धा नव्हता! काय उत्तर आहे याला? आणि त्या खोलीत पुन्हा आवाज गेला तर?

येते म्हणाले. फोन ठेवून पाच वेळा ओट्यावरचं तेच भांडं पुसलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. थोरल्या बाजूला होत्या. “त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकू आलं नव्हतं. माझं हो हे उत्तर नव्हतं. त्यावर विसंबून तुम्ही शाफ्टमध्ये उतरलात, त्याची–”

“शाफ्टमध्ये?” ते म्हणाले. “मी कशाला उतरतो! साहेबांना सांगून टाकलं – माझे हात थरथरतात, मला भीती वाटते, वरच्या मशीनच्या खोलीतलं काम द्या. दिलं त्यांनी. बायकोलाही सांगितलं. पाठीचा शेक नाही म्हणून. आता दर सोमवारी ती मला घेऊन डॉक्टरांकडे जाते. त्या सोमवारी कळवायचं राहूनच गेलं, चुकलं माझं.”

“मग विचारलं काय होतंत?”

त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अवघडले. “विचारलं होतं – ताई, तुम्हाला वाटते का हो कधी अशी भीती? तुम्ही हो म्हणालात. म्हणालात, रोज वाटते, या दारातून आत येताना. मला वाटलं, बाई माणूस सांगू शकते, मग मी का नाही.”

मी असं म्हणाले होते. मला ऐकू आलं नव्हतं.

“आज वाटली?” त्यांनी विचारलं.

वाटली, म्हणाले.